घोडी ज्या शब्दावर चालायची

मी एका शब्दासाठी शाळा सोडली. तो शब्द म्हणजे 'हाय'. माझी नात मला म्हणते, "आजोबा, लिहिताना तरी 'आहे' लिहा, लोक वाचणार आहेत." हे सगळं तिनेच नीट करून दिलंय. काना-मात्रा तिची, ऱ्हस्व-दीर्घ तिचं. पण हाय, नाय, आमी, तुमी या चार शब्दांना मी तिला हात लावू दिला नाय. हट्ट म्हणा. हट्टाची मला कधी लाज वाटली नाय, एकदा सोडून. त्या एका वेळची ही गोष्ट.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. पुढं भाताची शेतं, मागं मिठागरं. चौथीत मास्तर आले ते घाटावरचे. पहिल्याच दिवशी विचारलं, पुस्तक कुठे आहे? मी बोललो, पिशवीत हाय. त्यांनी हातावर पट्टी मारली आणि सांगितलं, "हाय नाही. आहे. शंभर वेळा म्हण." मी एकदाही बोललो नाय. माझी आय तसं बोलते, बाप तसा बोलतो, देवळातला गोंधळ त्या बोलीत होतो, मग वाईट काय त्यात? दुसऱ्या दिवशी उन्हात उभं केलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मास्तरांची पट्टी मोडली, दोन्ही तुकडे त्यांच्या टेबलावर नीट शेजारी ठेवले आणि घरी आलो. तिथं माझं शिक्षण संपलं.

मग मिठागरावर टोपली उचलायला लागलो. तिथंही कुणाशी जमलं नाय. कुणी हसलं की मी हात उचलायचा. चौदाव्या वर्षी मुकादमाने सगळ्यांसमोर कानफटात मारली. बांधाला पाणी आत-बाहेर करायचं दार असतं, त्याला आमी उघाडी बोलतो. त्या दिवशी भरतीच्या वेळेला मी ती उघाडी उपसून टाकली. मुकादमाची खोड मोडायला गेलो आणि अख्ख्या आळीचं पिकलेलं मीठ पाण्यात गेलं. खाडीचं पाणी मिठावर चढलं की आवाज येत नाय. नुसतं पांढरं होतं ते दिसेनासं होतं.

बापाने त्या दिवशी मारलं नाय. मारलं असतं तर बरं झालं असतं. ओट्यावर बसून बोलला, "मी लोकांना तोंड दाखवू की तुला घरात ठेवू? तूच सांग."  मिठाची एक गाडी पनवेलला निघाली होती, तिच्या मागं चालत गेलो.

*

तेव्हाचं पनवेल म्हणजे बाजार, बंदर आणि मधे टांगे. आगगाडी आली नव्हती. यष्टी नुकती सुरू झाली होती, लाल डबा दिसला की पोरं मागं धावायची. टांग्यांचा अड्डा एका जुन्या चिंचेखाली होता. पंधरा-सतरा टांगे ओळीने उभे. बाजूला दगडी हौद. मी त्या हौदावर पाणी प्यायला वाकलो तर शेजारी एका घोडीचं तोंड आलं. आमी दोघं एकदम प्यायलो. डोकं वर केलं तर टांग्यावरचा म्हातारा माझ्याकडे बघत होता.

"घोड्याच्या हौदात पितोस?"

"तहान लागली हाय."

"आवाज चांगला आहे तुझा," तो बोलला. त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे नुसता वारा. दम्याने घसा बसलेला. सगळे त्याला चाचा बोलायचे. चाचाला गिऱ्हाईक ओरडून बोलावता येत नव्हतं. शेजारचे टांगे भरून जायचे आणि हा बसलेला असायचा. त्याला ओरडणारं तोंड पाहिजे होतं आणि मला दोन वेळची भाकर. त्याच दुपारी मी ओरडायला सुरुवात केली. "बंदर, बंदर! तक्का, तक्का! या मावशी, या काका, जागा हाय, जागा हाय!"

चाचाच्या घोडीबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे, नायतर पुढचं कळणार नाय. ती तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. चाचा तिला बेटी बोलायचा. बाकीचे टांगेवाले चाबूक वाजवायचे, जिभेने टक टक करायचे, आईबापावरून शिव्या द्यायचे. चाचाला हे काही जमत नव्हतं. तो लगाम धरायचा, श्वास सोडल्यासारखं हळूच बोलायचा, "हाय." शेजारी बसलेल्यालाही ऐकू यायचं नाय. घोडी चालायला लागायची. चाबूक होता, पण तो टांग्याला शोभा म्हणून. त्याची वादी कधी घोडीच्या घामाने ओली झालेली मी बघितली नव्हती.

आता तुमी बोलाल, मी दिवसभर 'जागा हाय, जागा हाय' ओरडायचो, मग घोडी पळायची नाय का? नाय. बाजारात सगळेच आगरी, कोळी, सगळेच हाय-नाय बोलणारे. तिला ते वाऱ्यासारखं. ती फक्त आपल्या माणसाचं ऐकायची. आणि मी तिचा माणूस नव्हतो.

तिचा माणूस होण्याचा माझा काही विचारही नव्हता. पण काम अंगावर पडत गेलं. सकाळी तिला खरारा करायचा. तो लोखंडी दातांचा ब्रश हातात धरून मानेपासून मागं ओढत जायचं, धूळ झाडायची, परत ओढायचं. पहिले आठ दिवस तिने मला भिंतीशी दाबून धरलं. मग तोबऱ्यात हरभरा भरून तोंडाला बांधायचा. मग खूर बघायचे, खडा अडकला असेल तर काढायचा. जनावर खूर उचलून तुमच्या मांडीवर ठेवतं तेव्हा त्याचं वजन तुमच्यावर येतं. ते सगळं वजन नसतं. तिला पाहिजे तेवढंच ती देते. दिवसांमागून दिवस ती थोडं थोडं जास्त द्यायला लागली.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की टांगेवाले साज उतरवून घोडे बंदरावर न्यायचे. खाऱ्या पाण्याने घोड्याचे पाय घट्ट होतात अशी समजूत. खोगीर नाय, काही नाय, उघड्या पाठीवर बसून ओळीने बाजारातून जायचे. दुकानदार उठून बघायचे. तेव्हा पनवेलमध्ये याच्यापेक्षा मोठा थाट दुसरा नव्हता. पण कधी कधी पाणी ओसरलेलं असायचं आणि सगळे गुडघाभर चिखल बघून परत यायचे.

एकदा ते असे निघाले तेव्हा मी बोललो, "आज पाणी नाय. आज पंचमी. दिवस कलल्यावर भरेल."

सगळ्यात पुढं एक जाडजूड टांगेवाला होता, मिशीवाला. त्याला सगळे पैलवान बोलायचे, जरी त्याने आयुष्यात कुस्ती केली नव्हती. तो बोलला, "तुला काय खाडीने सांगून ठेवलंय?"

"सांगितलंय."

ते गेले आणि चिखल बघून परत आले. दिवस कलल्यावर पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पैलवानाने निघायच्या आधी चिंचेखालून हाक मारली, "ए खाडी, आज किती वाजता?" मी तिथी मोजून सांगितलं. चाचाने हाताने खूण केली, की तूच ने तिला. मी बेटीच्या पाठीवर चढलो. ओळीत शेवटचा. बाजारातून जाताना मला कुठं बघावं ते कळेना, म्हणून मी तिच्या कानांमधून समोर बघत राहिलो. आजही डोळे मिटले की ते दोन कान दिसतात आणि त्यांच्यामधे पनवेल दिसतं.

*

आता ती गोष्ट. एके सकाळी टांगा अर्धा भरला होता. चाचा पानाच्या दुकानाशी होता आणि मी पुढच्या पाट्यावर लगाम धरून बसलो होतो. एक तालेवार शेठ आले, एक पाय पायदानावर ठेवला आणि विचारलं, "जागा आहे का रे?"

"हाय."

घोडी चालू लागली. शेठ पायदानावर एक पाय आणि रस्त्यावर एक पाय असे चार उड्या मारत आले आणि बाजारात बसले. धोतर वर, टोपी खाली. सगळा अड्डा लोटपोट. मी लगाम ओढून थांबवली, उतरलो, शेठला उठवायला गेलो तर त्यांनी माझ्याच कानफटात दिली. मी हात उचलणार होतो, पण चाचा धावत आला होता. धावल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. तो शेठकडे बघतही नव्हता. माझ्याकडे बघून हसत होता.

दम परत आल्यावर बोलला, "बेटीने तुला मान दिला रे! तुझ्या जबानवर चालली. माझ्याशिवाय कुणाच्या नाही चालली आजवर."

मी तिच्याकडे बघितलं. ती कान हलवत उभी होती, काही झालंच नाय अशी. गावातून निघाल्यापासून मला कुणी 'तू आमचा' असं बोललं नव्हतं. ते एका जनावराने बोलून दाखवलं आणि त्यात एक शेठ पडला.

मजा चार दिवस टिकली. घोडी आता माझ्या प्रत्येक 'हाय'ला निघायची. मी जीभ चावायचो, पण ओरडायच्या नादात तोंडातून जायचंच. पैलवान सकाळी आला की विचारायचा, "काय, आज कोणाला पाडणार? सांग, मी जागा धरतो." सगळे बोलायचे, "अरे, सोपं आहे. आहे बोल. आ-हे. जागा आहे. बघ, काय जड आहे?"

मला जड होतं. त्यांना कसं सांगणार? या एका शब्दासाठी मी उन्हात उभा राहिलो, शाळा सोडली. शाळा सोडली म्हणून मिठागर आलं, मिठागर आलं म्हणून गाव गेलं. आता इथं गप 'आहे' बोलायचं, तर ते सगळं कशासाठी झालं? मग पहिल्याच दिवशी मास्तरांसमोर बोलून टाकायला काय झालं होतं? मी असा हिशेब केला आणि बोललो नाय.

मग एक कोळीण पडली. टोपली डोक्यावर, एक पाय पायदानावर, तिने विचारलं, "जागा हाय का रं पोरा?" आणि मी सवयीने उत्तर दिलं. तिचं मनगट सुजलं. ती मला शिव्या देत होती, पण चांगल्या शिव्या, आमच्या बोलीतल्या, आणि त्यामुळेच मला जास्त लागल्या. "मेल्या, आगऱ्याचा हाय ना तू? आपल्याच मानसाला पारतंय!" चाचाने तिला हाडवैद्याकडे नेलं आणि परत घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर बैठक बसली. टांगेवाल्यांची रीत होती, काही वाकडं झालं की चिंचेखाली सगळे बसायचे आणि जे ठरेल ते ठरेल. पैलवान त्या दिवशी हसत नव्हता. "लोक आता यष्टीने जातात," तो बोलला. "टांग्यातून पडायला लागले तर उरलेले पण जातील. आपल्या सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पोरगा चांगला आहे. पण त्याने आहे बोलावं, नाहीतर अड्ड्यावरून जावं."

चाचा बोलला, "एक महिना द्या."

सगळे मान्य झाले. मी तिथंच उभा होतो. मला कुणी विचारलं नाय की तू बोलशील का. त्याचाच मला राग आला.

*

त्या रागात मला युक्ती सुचली. जीभ माझी, ती मी बदलणार नाय. मग घोडी बदलेल. ती 'हाय'वर चालते, तर तिला 'चल'वर चालायला शिकवायचं. जनावरच ते, शिकेल. चाचाला सांगितलं नाय. दाखवून देऊ, असं मनात धरलं.

दुपारी चाचा चिंचेखाली आडवा व्हायचा. मी बेटीला बंदराच्या रस्त्याला न्यायचो. लगाम घट्ट धरायचो आणि बोलायचो, "हाय." ती पाऊल उचलायची. मी लगाम खेचायचो. ती थांबायची, माझ्याकडे बघायची. परत, "हाय." परत खेचायचो. मग "चल" बोलायचो, लगाम सोडायचो आणि दहा पावलं चालली की गुळाचा खडा द्यायचो. चार दिवस तिला काही कळलं नाय. नंतर कळलं. बारा-तेरा दिवसांनी मी "हाय" बोललो आणि ती खुंटा ठोकल्यासारखी उभी राहिली. "चल" बोललो, निघाली. मला एवढा आनंद झाला की उरलेला सगळा गूळ तिला दिला. मास्तर, मुकादम, पैलवान, सगळ्यांना हरवलं असं वाटलं.

उद्या अड्ड्यावर सगळ्यांना दाखवायचं असं मी ठरवलं. पण त्याच दिवशी उन्हं उतरताना आमी गाढी नदीच्या पुलावरून येत होतो. टांग्यात दोन बाया आणि एक लहान मूल. चाचा लगाम धरून, मी शेजारी. निघताना ती चाचाच्या 'हाय'ला जरा अडखळली होती, पण मी ते मनावर घेतलं नाय. पुलावर मधोमध दगडांचा ढीग टाकलेला, म्हणून चाचाने घोडी थांबवली आणि बाजूने वाट बघितली. समोरून यष्टी येत होती. ती पुलावर यायच्या आत निघायला पाहिजे होतं.

चाचा बोलला, "हाय."

घोडी उभी राहिली.

"हाय, बेटी. हाय."

तिचे कान मागं गेले. एक पाऊल तिने उचललं आणि परत होतं तिथं ठेवलं. चाचाला चालणं पाहिजे हे तिला कळत होतं, पण या शब्दाला उभं राहायचं असं मी तिला बारा दिवस शिकवलं होतं. यष्टी भोंगा वाजवत पुलावर आली. मी "चल!" ओरडायला तोंड उघडलं. पण भोंग्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाय. चाचाने लगाम एका हातात घेतला, दुसऱ्या हाताने तो शोभेचा चाबूक काढला आणि मारला.

ती उडाली. टांग्याचं चाक कठड्याला घासत गेलं, बाया किंचाळल्या, मूल माझ्या पाठीवर आदळलं आणि आमी पलीकडे निघालो. यष्टी बाजूने निघून गेली. कुणाला काही झालं नाय.

चाचाने बायांना त्यांच्या दारात सोडलं.  अड्ड्यावर येऊन साज उतरवला. तिच्या पाठीवर, डाव्या बाजूला, बोटभर जाड वळ उठला होता. तो हळद आणि गोडं तेल घेऊन आला आणि चोळत बसला.  मी बाजूला उभा.

"काय शिकवलंस तिला?" त्याने विचारलं. मान वर न करता.

मी सांगितलं. गुळासकट सगळं.

त्याने परत तेलात बोटं बुडवली. मग बोलला, "बारा वर्षं झाली, मी तिला चाबूक नाही मारला."

"चाचा, मी—"

"थांब. ऐक. तुझ्या शब्दावर ती चालत होती. तुला वाटलं, तो शब्द सोडला तर तू हरला. म्हणून तू शब्द ठेवला आणि त्याच्यातली जान काढली. आता तू हाय बोल, दिवसभर बोल. ती हलणार नाही. बोल, बोल ना."

मी तेलाची वाटी त्याच्या हाताशी सरकवली.

"जा. बोल. आता कोणी पडत नाही. अड्ड्याला पण तेच पाहिजे होतं." तो मला टोचत नव्हता. खरंच सांगत होता. "माझ्यावर पण नाही चालणार काही दिवस. माझं मी बघतो."

*

आता बघा, गंमत अशी, की मला 'आहे' बोलायची गरजच उरली नव्हती. घोडी माझ्या 'हाय'ला बहिरी झाली होती. बैठकीची अट आपोआप पुरी झाली. मी जिंकलो होतो.

रात्रभर नाय, पण सकाळी खरारा करताना मी विचार केला. वळाच्या बाजूने ब्रश नेताना तिची कातडी थरथरायची. मास्तरांना माझा शब्द माझ्या तोंडातून काढून टाकायचा होता. या लोकांना तसं काही नको होतं. त्यांना एवढंच पाहिजे होतं की मी तो कुठंही सांडू नये. हे दोन सारखेच वाटतात, पट्टीच्या जागी बैठक एवढाच फरक वाटतो. मला वाटले होते. पण मास्तरांच्या लेखी तो शब्द घाण होता आणि इथं त्या शब्दावर एक जनावर आपलं वजन टाकून चालत होतं. हे कळायला मला एका घोडीच्या पाठीवर वळ उठावा लागला. हीच ती लाज. आजपण ती तशीच हाय.

त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते तक्का गावचा एक शेतकरी, खांद्यावर नांगराचा नवा फाळ. "जागा हाय का?"

मी तोंड उघडलं. तोंडात दुसऱ्याचा दात बसवल्यासारखं वाटलं.

"आहे," मी बोललो.

 मग पैलवानाने टाळी वाजवली. "आले! शास्त्रीबुवा आले! पोथी उघडा रे!"

तक्क्याच्या माणसाने माझ्याकडे वरून खाली बघितलं. "कंच्या गावचा तू? बोलतंय तर भटासारखा, दिसतंय तर आमच्यासारखा."

सगळे एवढे हसले की घोडे दचकले. त्या दिवसापासून माझं नावच पडलं. "ए आहे, पाणी आण." "आहे कुठं गेला?" "आहेला विचार, भरती किती वाजता." पंचवीस वर्षं त्या अड्ड्यावर होतो, शेवटपर्यंत मला 'आहे'च बोलायचे. दुसऱ्या कुणी दिलेलं नाव मी सहन केलं नसतं. हे मी मिरवलं.

आणि मी हाय बोलणं सोडलं. अड्ड्यावर, बंदरावर, हौदाशी, जिथं जिथं तिच्या कानावर पडेल तिथं. कोळणी विचारायच्या, "जागा हाय?" मी बोलायचो, आहे. चाचा विचारायचा, "हरभरा आहे?" मी बोलायचो, आहे. एखाद्याचं पितळेचं भांडं घासूनपुसून फळीवर ठेवतात आणि रोज मातीच्या भांड्यात जेवतात, तसं. चाचाचं तिने महिन्याभरात परत ऐकलं. त्याचा श्वास ती ओळखायची. माझं नाय. मी तिला फसवलं होतं आणि घोडी माणसासारखी रागावत नाय. ती नुसतं लक्ष देणं थांबवते.

होळी गेली. पाऊस येऊन गेला. चिंचेला बोटाएवढ्या नव्या चिंचा लागल्या. मधे एकदा मला वाटलं, बोलून बघू. बंदरावर तिला धुताना अगदी ओठांवर आलं. पण भीती वाटली. नाय हलली तर? मग काय बोलायचं उरेल माझ्याकडे? मी गप तिच्या पायांवर पाणी मारत राहिलो.

थंडी सुरू झाली आणि चाचाचा दमा बळावला. एके सकाळी तो आला तो तोंडाला उपरणं लावून, बोलायला श्वासच नव्हता. टांगा भरला होता, चार बाया, सुकटीच्या टोपल्या घेऊन बंदराकडे निघालेल्या. चाचा पुढच्या पाट्याशी आला, लगाम उचलला, खोकला, खाली ठेवला. मग वळसा घालून मागं गेला आणि एका बाईला खुणेने सरकायला लावून गिऱ्हाईकाच्या जागेवर बसला.

पैलवान शेजारच्या टांग्यावरून बघत होता. "ए आहे," तो बोलला, "यांना मी नेतो, तू बस."

"नको," मी बोललो.

मी चढलो. लगाम हातात घेतला. ओढला नाय, सैलही सोडला नाय, चाचा धरायचा तसा धरला. तिच्या पाठीवर वळाची जागा होती, तिथले केस थोडे पांढरे उगवले होते. किती महिने झाले होते तो शब्द बोलून, मला आठवेना. 'चल' बोललो असतो तर गुळाच्या आठवणीने ती निघाली असती, पण तो शब्द मला परत काढायचा नव्हता.

"हाय," मी बोललो. हळूच, चाचासारखं.

तिचा एक कान मागं वळला. डावा. पाय हलला नाय.

मागून एक बाई बोलली, "काय रं, उभ्याउभ्याच पोचवतंस की काय आमाला?" दुसरी बोलली, "झोपली की काय घोरी? चाबूक दाखव तिला."  मला परत बोलावंसं वाटलं, मोठ्याने बोलावंसं वाटलं. जीभ दाताखाली धरली. तिने ऐकलं होतं, कान सांगत होता. आता ती ठरवणार होती आणि तिला घाई करायचा हक्क मी गमावला होता.

दुसरा कान मागं वळला.

मग तिने डोकं खाली घेतलं, मानेला ताण दिला आणि टांग्याची चाकं कुरकुरली. पहिलं पाऊल, दुसरं. चिंचेची सावली मागं पडली. बाजारातून जाताना मी कुणाकडे बघितलं नाय. मागं चाचा खोकत होता आणि त्या चौघी सुकटीच्या भावावरून एकमेकींशी भांडत होत्या. एक बोलत होती करंजाच्या बंदरात स्वस्त मिळते, दुसरी बोलत होती मग जा ना करंजाला, इथं कशाला बसलीस आमच्या टांग्यात.